तेलाला थंडी वाजते

माझ्या लग्नात आलेल्या आहेरांत एकच आहेर असा होता, ज्यावर ‘तीन दिवसांत परत आणणे’ अशी चिठ्ठी होती. पिवळ्याधमक तेलाच्या तीन बाटल्या, बुचांवर मेण ओतलेलं, आणि सोबत एक थर्मामीटर. देणारे आमचे सर. स्टेजवर चढून त्यांनी पिशवी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि मला सांगितलं, की महाबळेश्वरला निघालाच आहात तर ह्या बाटल्या हॉटेलच्या गॅलरीत ठेवायच्या, पहाटे पाच, साडेपाच आणि सहाला उठून बघायच्या, दिसेल ते लिहायचं. नवऱ्याला वाटलं, मध आहे. बिचारा वाकून पाया पडला.

तर लग्न होऊन धड दोन दिवस झाले नव्हते आणि मी महाबळेश्वरच्या गॅलरीत रजई पांघरून, मोबाइलची बॅटरी लावून, तीन बाटल्यांकडे टक लावून बसलेली. शेजारच्या खोलीतले एक काका योगासनं करायला बाहेर आले. त्यांनी विचारलं, मध काय भावानं घेतला? मी म्हटलं, काका, हा मध नाही, डिझेल आहे. ते आत गेले ते सकाळी नाश्त्यालाही आमच्या टेबलाजवळ फिरकले नाहीत.

सहा वाजता पहिल्या बाटलीची खीर झाली होती. दुसरीत धुकं. आणि तिसरी, काय सांगू तुम्हाला, तिसरी आरशासारखी स्वच्छ. मी आनंदाने नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं, ओढत बाहेर आणलं, दाखवलं. त्याने डोळे चोळले, बाटली बघितली, मला बघितलं आणि म्हणाला, की मुहूर्ताला अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही तू एवढी खूश दिसली नव्हतीस. खरं होतं ते. मी सरांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. रात्रभर फोनजवळच बसले असणार.

आमचे सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. आणि कंपनी म्हणाल तर चाकण एमआयडीसीच्या एका टोकाला पत्र्याची शेड, चार टाक्या आणि आम्ही नऊ माणसं. वडेवाल्यांचं, फरसाणवाल्यांचं, मोठ्या कंपन्यांच्या कँटीनचं तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं आणि त्याचं बायोडिझेल करायचं, हा धंदा. मी लातूरची. एमएस्सी करून मामाच्या ओळखीने तळेगावला खोली घेतलेली, ही पहिलीच नोकरी. मुलाखतीत सरांनी एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडे लोणचं काढून झालं की बरणीचं झाकण कोण लावतं? मी म्हटलं, मीच लावते, बाकीचे सगळे बेशिस्त आहेत. सर म्हणाले, उद्यापासून या.

झाकण हा त्यांचा जीव की प्राण. तेल म्हातारं होतं ते तीन गोष्टींनी, असं ते दिवसातून दोनदा सांगायचे: हवा, पाणी आणि तांबं. हवा लागली की खवट होतं, पाणी शिरलं की तळाशी शेवाळासारखा गाळ धरतो, आणि तांब्यापितळेचा नुसता नळ लागला तरी महिन्याचं काम आठवड्यात होऊन तेल आंबतं. हे ज्ञान आम्ही लॅबपुरतं ठेवायचो. सर ते घेऊन गावभर हिंडायचे. बसस्टॉपवर एखादी मुलगी पाण्याची बाटली उघडी धरून फोनवर बोलत असली, तर सर जवळ जाऊन अत्यंत अदबीने बूच लावून परत यायचे. माझ्याच लग्नात ते बुफेच्या रांगेत उलटे चालत गेले, आणि जिलेबीपासून मठ्ठ्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर झाकण ठेवत आले. केटररवाला आमच्या वडिलांना विचारायला आला, की तुमच्याकडचे कोण पाहुणे अन्नावर रागावलेत.

एका दसऱ्याला शेठनी सगळ्यांना तांब्याच्या बाटल्या वाटल्या. शेठ म्हणजे आमचे मालक, वाकडला विसाव्या मजल्यावर राहणारे, वयाने सरांपेक्षा वीस वर्षांनी लहान, हौशी माणूस. सरांनी बाटली दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, परत टेबलावर ठेवली आणि शेठना सांगितलं, की ही वस्तू लॅबच्या आत येणार नाही. शेठनी पुष्कळ समजावलं की पाणी प्यायला दिलीय, तेल भरायला नाही. सर म्हणाले, मी ह्याच हाताने नमुने घेतो. संपला विषय.

लॅबच्या मागच्या फळीवर प्रत्येक घाण्याची एकेक बाटली ठेवलेली असायची. घाणा हा सरांचा शब्द, बाकी जग बॅच म्हणतं. बाटलीवर जन्मतारीख. दर एक तारखेला सर एकेक बाटली हुंगायचे आणि आम्ही वहीत लिहायचो: तब्येत उत्तम, किंचित खवट, आता हिचं काही खरं नाही. एका बाटलीला दोन वर्षं झाली तेव्हा त्यांनी पेढे आणले. आम्ही नऊ जण हातात पेढा घेऊन बाटलीभोवती उभे. मी घरी फोनवर आईला सांगितलं, तर आई म्हणाली, बाई, तिथं पगार तरी येतोय का वेळेवर?

दुसरं वेड थंडीचं. तेलाला थंडी वाजते, असं सर अगदी हळवे होऊन सांगायचे. प्रत्येकाला वेगळी वाजते. सोयाबीनचं तेल काटक. पामतेल नाजूक, जरा गारवा आला की हुडहुडी भरलीच. आधी धुकं, मग खीर, मग दगड, ह्या तीन पायऱ्या. गाडीच्या टाकीत खीर झाली की फिल्टर तुंबतो आणि गाडी जागेवर. म्हणून कंपनीतलं कुणीही थंड गावाला निघालं की सरांची पिशवी तयार. माथेरानला गेलेल्या ड्रमवाल्याने बाटली नेली. फोरमन सासऱ्याच्या दहाव्याला नाशिकला गेला, त्यानेही नेली. सरांच्या घरच्या फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात बाटल्याच असायच्या, त्यामुळे काकू रोज ताजी भाजी आणायच्या. काकू मला एकदा म्हणाल्या, पंचवीस वर्षं झाली, आमच्याकडे शिळी मेथी कुणी पाहिलेली नाही.

आणि आता गंमत ऐका. आयुष्यभर इंधन करणाऱ्या ह्या माणसाला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही ठाऊक नव्हतं. तेल टाकीत पडलं की पुढे ते इंजिनात जातं, एवढ्यावर त्यांचा विश्वास होता, देवावर असतो तसा.

माझं लग्न झालं त्या वर्षी शेठनी दिवाळीनंतर वाकड-ताथवड्याच्या मोठमोठ्या सोसायट्यांत तेल गोळा करायची मोहीम काढली. ‘तुमची चकली, आमचं इंधन’ असा फलक, शेजारी शेठचा फोटो. तेल आलं बरं का, ड्रमच्या ड्रम आलं. सरांनी पहिलं झाकण उघडलं, हुंगलं आणि लगेच लावलं. शंकरपाळी, म्हणाले. दुसरं उघडलं. करंजी. तिसरं पुन्हा शंकरपाळी. निम्म्या घरांनी फराळ वनस्पती तुपात तळला होता, आणि कार्तिकातच ड्रमांत पांढरा थर धरला होता. ह्याचं डिझेल जानेवारीत दगड होणार, हे सांगायला लॅबचीही गरज नव्हती.

पण शेठनी तोवर शब्द देऊन टाकला होता. म्हाळुंग्याचे एक आप्पा होते, जुने शेतकरी, जमिनी एमआयडीसीत गेल्यावर बसगाड्या घेतलेल्या. त्यांच्या गाड्या कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करायच्या. आप्पांनी अट घातली: दहा गाड्या महिनाभर तुमच्या तेलावर चालवतो, ऐन जानेवारीत. एक जरी गाडी तेलानं बंद पडली आणि पहिल्या शिफ्टची माणसं उशिरा पोचली, तर तिथंच राम राम. पोचली, तर वर्षभराची ऑर्डर. आणि ती ऑर्डर आली नाही, तर शेड गोदामाला भाड्याने देऊन टाकतो, असं शेठनी आम्हाला सरळ सांगितलं होतं. आम्ही आठ जण तरुण, कुठेही चिकटलो असतो. सर अठ्ठावन्नचे. तीन कंपन्यांनी त्यांना आधीच हात जोडले होते. ही चौथी गेली की त्यांच्या बाटल्यांना फळी मिळणार नव्हती, आणि त्यांना हे माहीत होतं. आठवडाभर त्यांनी कुणाचंही झाकण लावलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग एके दिवशी शेडसमोर टेम्पो थांबला. सरांनी मावळातल्या एका बंद पडलेल्या डेअरीतून दूध गार करायची जुनी टाकी उचलून आणली होती. त्या टाकीत डिझेल हळूहळू गार करायचं, दोन दिवस. तुपाला कणी धरते तशी त्यात कणी धरते. मग सगळं जाड फडक्यातून गाळायचं. वर उरतो तो पांढरा लगदा, तो उन्हाळ्यासाठी बाजूला. खाली येतं ते थंडी सोसणारं. त्यात दोन औषधं थेंब मोजून: एक हुडहुडीचं, एक म्हातारपणाचं. शेठ तो लगद्याचा ढीग बघून कपाळाला हात लावून बसले, एवढा माल बाजूला काढायचा म्हणजे काय. सर गाळत राहिले. मी गाळत राहिले. माझ्या हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या हाताला शंकरपाळीचा वास येत होता. माझ्या महाबळेश्वरच्या तीन बाटल्या त्या ह्याच. पहिली न गाळलेली, दुसरी गाळलेली, तिसरी गाळून औषध घातलेली.

जानेवारी सुरू झाला. आप्पांचं आवार इंद्रायणीच्या काठाला, पहाटे धुकं असं की समोरची बस दिसत नाही. सर रोज साडेचारला सायकलवर हजर, डोक्याला माकडटोपी, हातात थर्मामीटर. गाड्या सुरू झाल्या की टाळ्या वाजवायचे. ड्रायव्हर लोक आधी हसायचे, मग त्यांनाही सवय झाली. दहावी गाडी सगळ्यांत जुनी, तिच्यावर बबनराव नावाचे ड्रायव्हर, आप्पांच्याच गावचे, कमी बोलणारे. ते सरांसाठी घरून दशम्या आणायचे.

तीन आठवडे गेले. एकही गाडी अडली नाही. मग हवामानवाल्यांनी थंडीची लाट सांगितली आणि सरांची झोप उडाली. थंडीची चिंता नव्हती त्यांना. तेलाची परीक्षा झाली होती. चिंता धुक्याची. टाकीच्या झाकणातून दव आत शिरलं तर? पाणी शिरलं तर? संध्याकाळी ते मला घेऊन आवारात गेले आणि दहाही गाड्यांच्या टाक्यांची झाकणं आम्ही प्लास्टिकने गुंडाळून काळ्या टेपने पक्की आवळून टाकली. मी टेप फाडून देत होते, ते गुंडाळत होते. लोणच्याच्या बरणीला लावावी तशी. आता ह्यात काय शिरतंय बघतोच, असं म्हणून त्यांनी शेवटच्या झाकणावर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मलाही बोलावलं. एवढी थंडी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आमच्या लातूरला दात वाजायला ताप यावा लागतो. दहाही गाड्या पहिल्या सेल्फला सुरू झाल्या. सर नाचले हो, खरोखर नाचले, माकडटोपीसकट. आम्ही बबनरावांच्या गाडीत बसलो, तळेगावहून चाळीस माणसं घेतली आणि चाकणच्या रस्त्याला लागलो. इंदोरीच्या पुढे गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. मग कडेला गपकन बंद.

चाळीस माणसांची पहिली शिफ्ट, आणि बाहेर काळाकुट्ट अंधार. मागून कुणीतरी म्हणालं, गोठलं वाटतं वड्याचं तेल. सरांचा चेहरा असा पडला की मला त्यांच्याकडे बघवेना. ते खाली उतरले, माझ्या मोबाइलच्या उजेडात बबनरावांनी फिल्टर खोलला, आणि सरांनी त्यात बोट बुडवलं. तेल पाण्यासारखं वाहत होतं. एक कण नाही. झालं, सरांना आनंदाचं उधाण. प्रत्येक खिडकीपाशी जाऊन ते बोट दाखवायला लागले, बघा, वाहतंय, वाहतंय. आतली माणसं म्हणाली, साहेब, ते वाहतंय पण आम्ही थांबलोय ना.

बबनराव तोवर टाकीपाशी गेले होते. त्यांनी वाकून टेप पाहिली. खिशातला चाकू काढला, टेप कापली, झाकण फिरवलं. आणि टाकीने फस्सकन असा श्वास आत घेतला, की रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेला असता. बाकी नऊ गाड्यांना हवेची नळी वेगळी होती. ह्या जुन्या गाडीची टाकी झाकणातल्या भोकातूनच हवा घ्यायची. तेल पुढे जायचं तर मागून हवा आत यायला हवी. ती वाट आम्ही बरणीसारखी बंद केली होती.

सर तिथेच रस्त्याच्या कडेला बसले.

बबनरावांनी पंप मारून गाडी पुन्हा सुरू केली तोवर अर्धा तास गेला होता, आणि आप्पांची जीप येऊन उभी राहिली. त्याच वेळी माझा फोन वाजला. शेठ. कुणीतरी त्यांना आधीच कळवलं होतं. ते घाईघाईने म्हणाले, हे बघ, टेप ड्रायव्हरनेच लावली म्हणून सांग, त्याचं काय, आप्पा रागावतील आणि विसरतील. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला ते पटलं. नऊ जणांची नोकरी होती. बबनराव समोरच उभे होते, हात पुसत, आणि मी त्यांच्याकडे बघून मनात वाक्य जुळवत होते. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आप्पांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत सर उठले. पँटची माती झाडली.

“टेप मी लावली. ह्यांचा दोष नाही, तेलाचाही नाही. मला गाडीतलं काही कळत नाही, आणि ते मी कुणाला विचारलं नाही. तुम्ही मला काढा, तेल ठेवा.”

आप्पांनी बबनरावांना विचारलं, बाकीच्या गाड्यांचं काय. बबनराव म्हणाले, नऊच्या नऊ येळेवर पोचल्या, आप्पा, फोन आलेत. फिल्टर बघा, घरच्या तेलाहून साफ हाय.

“तेल ऱ्हाऊ द्या,” आप्पा म्हणाले. “पर ह्यो मानूस माझ्या आवारात पाय ठिवणार न्हाई. माझ्या गाडीला हात लावणार न्हाई. कबूल?”

सर लगेच कबूल म्हणाले, वर आभारही मानले.

फेब्रुवारीत वर्षाची ऑर्डर आली. शेठनी केक कापला, सरांच्या गळ्यात हार घातला, गोदामाचा विषय कुणी काढला नाही. आमची फळी, आमच्या बाटल्या, आमची खीर-दगडाची वही, सगळं जागच्या जागी. मीही टिकले. सगळं झाक झालं म्हणायचं. आणि मग पुढचा हिवाळा आला.

एकदा पहाटे मला लवकर जायचं होतं. आप्पांच्या आवारावरून स्कूटरने निघाले, तर फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, सायकल टेकवून कुणीतरी उभं. माकडटोपीवरून ओळखलं. मी थांबले आणि विचारलं, सर, इथे काय करताय? ते म्हणाले, मोजतोय. शब्द दिला होता, तेव्हा आत पाऊल टाकायचं नव्हतं. पण गाड्या सुरू झालेल्या ऐकायला फाटकाबाहेर मनाई नव्हती. थंडी पडल्यापासून ते रोज येत होते. काकूंना फिरायला जातो म्हणून सांगत होते.

आम्ही दोघं उभे राहिलो. धुक्यातून एकेक बस बाहेर पडत होती आणि सर बोटांवर मोजत होते. नऊ झाल्या. दहावी आली, फाटकातून बाहेर पडून वळली, आणि बरोबर आमच्यासमोर थांबली. बबनरावांनी खिडकीची काच खाली केली.

“आवारात मनाई हाय, साहेब. ह्यो रस्ता सरकारचा हाय. लावा हात.”

मी म्हटलं, आप्पांनी पाहिलं तर? बबनराव म्हणाले, आप्पांनीच सांगितलंय, कवापासून उभा ऱ्हातोय तो, एकदा लावू दे.

सरांनी हातमोजे काढले. रस्ता ओलांडून गेले, वाकले आणि टाकीवर दोन्ही तळवे टेकवले. वर चाळीस माणसं खिडक्यांतून बघत होती, इंजिन धडधडत होतं. सर बराच वेळ तसेच वाकून राहिले.

“गार पडलीय गं,” ते मला म्हणाले, “अगदी गार, आणि तरी चालतेय,” आणि भर रस्त्यात माकडटोपीतून रडायला लागले.

बबनराव म्हणाले, चला, येळ होतोय. सर बाजूला झाले, गाडी गेली आणि माणसं वेळेवर कामाला लागली.